मनकर्णाबाईले दिसते

मेंढीचा डोळा बशीत नीट बसत नव्हता. भगवंतने ओल्या चिंधीची चुंबळ केली, तो तिच्यात रुतवला आणि बशी खिडकीजवळ ओढली. नोव्हेंबर महिन्यात एडिंबरात दुपारी तीननंतर उजेड सरत येई.

"घट्ट धर," तो वर्गमित्र थॉमसला म्हणाला.

थॉमसने दोन बोटांनी डोळा धरला. भगवंतने पात्याचं टोक बुबुळाच्या एका कडेतून आत घातलं, दुसऱ्या कडेतून बाहेर काढलं आणि हात न थांबवता वर नेलं. मग खालून हलकेच दाबलं. भिंग अख्खं बाहेर आलं आणि बशीत घरंगळलं.

"आज छान जमलं," थॉमस म्हणाला.

"मेंढी हलत नाही, म्हणून."

थॉमस हसला. ती बशी घरमालकिणीने या कामासाठी वेगळी काढून दिली होती आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही अशी ताकीद दिली होती. गेले वर्षभर दोघे खाटकाकडून डोळे आणून सराव करत होते. विद्यापीठात चौथ्या वर्षापर्यंत माणसाच्या डोळ्याला पातं लावायची मुभा नव्हती. तोवर बाकावरून बघायचं, आणि प्राध्यापकांनी बोलावलंच तर रोग्याचं डोकं धरायचं.

"मी सोमवारी घरी जातोय," थॉमस म्हणाला. "परत येणार नाही."

भगवंतने कारण विचारलं नाही. थॉमसचं गाव मँचेस्टरजवळ होतं. गावात सगळ्या कापडाच्या गिरण्या. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि गिरण्या बंद पडल्या. गिरणीत मुकादम असलेले थॉमसचे वडील आता धर्मादाय सूप घ्यायला रांगेत उभे राहत. आणि भगवंतचं शिक्षण चाललं होतं ते त्याच टंचाईवर. वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, म्हणून दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीच्या मालकाचा मुलगा इथवर पोचला होता. दोघांनाही हे ठाऊक होतं. वर्षभरात कुणी ते तोंडातून काढलं नव्हतं.

"तुमच्याकडे यंदा पीक कसं आहे?" थॉमसने विचारलं.

"बरं आहे."

"चांगलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने पातं पुसलं, कागदात गुंडाळलं आणि भगवंतसमोर ठेवलं. ते त्याचं स्वतःचं होतं. "गावात मला याचा काय उपयोग? ठेव तू."

भगवंतला काहीतरी बोलायचं होतं. ते इंग्रजीत कसं म्हणतात हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मराठीत तरी काय म्हटलं असतं कोण जाणे.

सोमवारनंतर वर्गात त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. मुलं वाईट नव्हती. गमतीने त्याला राजपुत्र म्हणत, थंडीचं विचारत. पण शेजारी येऊन कुणी बसत नसे.

त्याच हिवाळ्यात अमरावतीहून वडिलांचं, खुशालरावांचं पत्र आलं. शेवटी दोन ओळी होत्या. 'तुझ्या आईच्या डोळ्यांपुढे धुकं येतं. सुई टोचून मोतीबिंदू खाली ढकलणारा वैदू बोलावला होता. तिने त्याला दारातून परत पाठवला. म्हणाली, माझा मुलगा तेच शिकतो आहे.' भगवंतने ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आतापर्यंत तो सगळंच शिकत होता. त्या दिवसापासून तो फक्त डोळे शिकू लागला.

चौथं वर्ष काही उजाडलं नाही. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, आणि पाठोपाठ पटकीच्या साथीत खुशालराव गेले. पत्र पोचलं तेव्हा त्यांना जाऊन सहा आठवडे झाले होते. भगवंतने कोट विकला, पुस्तकं विकली. पातं तेवढं ठेवलं.

बडनेऱ्यापर्यंत आता रेल्वे आली होती. तिथून छकड्याने तो अमरावतीला घरी पोचला, तेव्हा दारात कुणी नव्हतं. समुद्र ओलांडला म्हणून भावकीने या घरचं पाणी सोडलं होतं, ते अजून सोडलेलंच होतं. लग्नात आठ वर्षांची असलेली त्याची बायको शकुन आता सतरा वर्षांची होती. तिने पायांवर पाणी घातलं आणि ती बाजूला झाली.

त्याची आई मनकर्णाबाई ओसरीवर खांबाला टेकून बसली होती.

"आला का रे? असा नाई, उजेडाकडं तोंड कर." तो वळला. तिने मान पुढे काढून बराच वेळ पाहिलं. "सावली दिसते नुसती. जेवून घे. मंग उद्या कर."

"काय करू?"

"माहे डोये."

भगवंत खाली बसला. "माय, मी डाक्टर नाई झालो. एक साल राह्यलं माहं. म्या अजून माणसाच्या डोयाले पातं नाई लावलं."

"मंग पह्यली मी."

"अकोल्याले गोरा डाक्टर हाय. त्यानं कितीक डोये केले. मी नेतो ना तुले."

"तुह्या बापानं भावकी सोडली, जातीत मान सोडला. ते काय अकोल्याच्या साहेबाकडून डोये करून घ्याले?" ती शांतपणे म्हणाली. "दोन सालापासून मी वाट पाहून राह्यली, भगवंत. आखीन किती पाहू?"

तो महिनाभर टाळत राहिला. ती रोज सकाळी विचारायची. आग्रह नाही, रडणं नाही, जेवण झालं का विचारावं तसं. आणि खरं सांगायचं तर त्यालाही वाटू लागलं होतं, की आपल्याला येईल. मेंढीच्या डोळ्यावर हात कधी चुकला नव्हता.

कार्तिकातल्या एका स्वच्छ सकाळी अंगणात बाज टाकली. शकुनने उशाशी बसून सासूचं डोकं दोन्ही हातांत धरलं. भूल द्यायला काही नव्हतं. मनकर्णाबाई हलली नाही. पातं एका कडेतून आत गेलं, दुसरीतून बाहेर आलं. पिवळट, पिकलेलं भिंग अख्खं निघालं.

भगवंतने हात तिच्यासमोर धरला. "बोटं किती?"

"तीन." मग ती म्हणाली, "बारीक झाला रे तू. खात नव्हता का तिकडं?"

शकुन रडायला लागली. भगवंतने घाईघाईने पट्टी बांधली.

तिसऱ्या दिवशी डोळा ठणकू लागला. चौथ्या दिवशी पट्टी पिवळी झाली. ताप चढला. भगवंतने जे जे ऐकलं होतं ते सगळं केलं. गरम पाण्याचा शेक, जळवा, कॅलोमेल या पाऱ्याच्या औषधाच्या पुड्या. असे डोळे त्याने तिकडेही पाहिले होते. हात बिनचूक चाललेला असायचा आणि तरी पू व्हायचा. का, हे तिथेही कुणाला सांगता येत नव्हतं. पंधरा दिवसांनी पू थांबला. डोळा आत बसला होता. दुसऱ्या डोळ्यापुढे पहिल्यासारखंच धुकं.

पट्टी सुटली असं कळताच आळीतल्या बायका आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता अंगणात उभ्या राहिल्या. त्यांतल्या दुर्गाबाईने विचारलं, "दिसते का वं मनकर्णा?"

मनकर्णाबाईने पदर कपाळावर ओढून घेतला होता. "दिसते ना. तुह्या लुगड्याचा काठ लाल हाय."

काठ लालच होता. आत चुलीपुढे बसलेल्या भगवंतला ते ऐकू आलं. शकुन खाली मान घालून भाकरी थापत होती. कोण आलं, काय नेसून आलं, हे दारातून सासूच्या कानात तिनेच सांगितलं होतं.

मनकर्णाबाई अंगणातून विहिरीपर्यंतची पावलं मोजून चालू लागली. येणाऱ्याचा पायरव ओळखून नावाने हाक मारू लागली. भगवंत बाजारात गेला की लोक आता त्याच्याशी दोन शब्द बोलत. समुद्रापार जाऊन आला, पण पोट्ट्यानं मायचे डोये केले, असं म्हणत. तो मान खाली घालून पुढे जाई.

चैत्रात दर्यापूरकडून एक छकडा दारात थांबला. गोदाबाई नावाची बाई नवऱ्याचा हात धरून त्याला उतरवत होती. नवऱ्याचं नाव नत्थुजी. पन्नाशीचा शेतकरी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"दोन वर्सं झाले, म्या वावर पाह्यलं नाई," नत्थुजी ओसरीवर बसत म्हणाला. "तुमचं नाव आयकून आलो. तुमच्या मायले दिसते म्हणे आता."

"दिसते ना भाऊ," मनकर्णाबाई आतून म्हणाली. सवयीने बोलून गेली.

भगवंतने नत्थुजीचं तोंड उजेडाकडे केलं. दोन्ही भिंगं पिकलेली. बाकी डोळा निरोगी. असा डोळा प्राध्यापक मुलांना मुद्दाम दाखवत. त्याचे हात गुडघ्यांवर होते, ते त्याने तिथेच ठेवले.

"माह्या मायले नाई दिसत," तो म्हणाला. "म्या केलं अन् डोया गेला तिचा."

गोदाबाईने दाराकडे पाहिलं. तिथे मनकर्णाबाई चौकटीला धरून उभी होती आणि तिची नजर कुणाकडेच नव्हती.

"मंग आमी इतल्या लांबून काहून आलो?" नत्थुजीने विचारलं.

"अकोल्याच्या डाक्टराले येते. मी नेतो तुमाले. तो करीन तवा मी डोकं धरीन, पट्टी मी बांधीन. मले इतलं येते."

"शकुन," मनकर्णाबाई म्हणाली, "पाव्हण्यांले पाणी दे."

नत्थुजीने तांब्या घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. चार वर्षांत या घरात परक्याने प्यालेलं ते पहिलं पाणी होतं. या घरची गोष्ट त्याला माहीत होती की नाही, कोण जाणे.

पाहुणे ओसरीवर आडवे झाल्यावर मनकर्णाबाई परसात भगवंतजवळ येऊन बसली.

"कावून सांगतलं?"

"त्याचा बी डोया गेला असता माय."

ती म्हणाली, "लोक म्हणतील, समिंदर ओलांडून गेला अन् मायले आंधयी केलं."

"खरंच हाय ते."

"खरं असन. पण लोकाइनं कावून म्हणावं?"

भगवंत म्हणाला, "तू बी चाल अकोल्याले. दुसरा डोया चांगला हाय तुहा. तो डाक्टर करून देईन. तुले दिसन, माय."

"नाई."

"कावून?"

"एक डोया साहेबानं केला, तो पाहून राह्यला. एक पोरानं केला, तो गेला. असं तोंड घेऊन मी जलमभर हिंडू का?" तिने त्याचा दंड चाचपला आणि तिथेच हात ठेवला. "राहू दे. मले घर पाठ झालं आता."

त्याने पुन्हा समजावलं, शकुनने पाया पडून विनवलं. ती हलली नाही, जशी बाजेवर हलली नव्हती.

नत्थुजीचे दोन्ही डोळे अकोल्यात बरे झाले. त्या दवाखान्यातच भगवंत ड्रेसर म्हणून राहिला. बावीस वर्षं त्याने रोग्यांची डोकी धरली, पट्ट्या बांधल्या. डॉक्टर बदलत गेले. त्यांतल्या दोघा-तिघांनी त्याला पातं देऊ केलं, त्याने ते घेतलं नाही. नव्या पोरांना मात्र तो सांगायचा, डोकं धरताना रोग्याशी बोलत राहावं, म्हणजे तो हलत नाही.

पण हे सगळं पुढचं. नत्थुजी आल्याच्या दुसऱ्या सकाळी ऊन तापायच्या आत छकडा बडनेऱ्याच्या वाटेला लागायला हवा होता. भगवंतने नत्थुजीला वर चढवलं, गोदाबाईला हात दिला आणि स्वतः मागे बसला. मनकर्णाबाई दारात उभी राहिली. छकडा हलला तसा बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून तिने हात वर केला.

कोपऱ्यावर छकडा डावीकडे वळला. त्याच वेळी दुसरी एक गाडी घुंगरं वाजवत आली आणि उजवीकडे बाजाराच्या वाटेने निघून गेली. मनकर्णाबाई त्या गाडीकडे तोंड करून हात हलवत होती. मागे बसलेल्या भगवंतला ते दिसत होतं. ती गाडी दिसेनाशी झाली तरी मनकर्णाबाईचा हात वरच होता. मग शकुन पुढे आली, तिने सासूला खांद्याला धरलं आणि हळूच डावीकडे वळवलं.