धैर्यशीलचा तारा

"जरा डावीकडं घ्या रं! पोरगं वाकडं दिसाया लागलंय," लालासाहेब खालून ओरडले.

कोरेगावच्या चौकात फ्लेक्स चढत होता. गणवेशातला धैर्यशील, डोक्याशी पिवळी चांदणी आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'वीर जवान धैर्यशील तारा. शोधक भगिनी क्रांती.' मूळ मजकुरात 'थंड बुटका तारा' असं होतं. जवानाला बुटका म्हणायचं कसं, म्हणून फ्लेक्सवाल्या नाथाजीनं ते शब्द परस्पर उडवले होते.

क्रांती पुण्याहून आली, एसटीतून उतरली ती थेट या फ्लेक्ससमोर.

तिचं काम असल्या बुटक्या, म्हणजे आकारानं लहान आणि मंद ताऱ्यांवरच होतं. त्यांचा प्रकाश इतका गिचमिड, की माणसाला तो धड वाचता येत नाही. म्हणून ओळखीच्या ताऱ्यांचा प्रकाश दाखवून कॉम्प्युटरला शिकवायचं आणि मग अनोळखी ताऱ्याचं तापमान, आकार त्यानं अंदाजानं सांगायचा. मशीन लर्निंग म्हणतात ते हेच. दिवाळीत आप्पांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, लालासाहेबांनी, विचारलं होतं, "त्यातला येखादा आपल्या धैर्याच्या नावाचा करता यील का गं?" सीमेवर भाऊ शहीद झाल्यापासून आप्पांनी तिच्याकडं काही म्हणून मागितलं नव्हतं. तिनं अभ्यासातल्या एका ताऱ्याला दादाचं नाव देऊन टाकलं. घरातल्या घरात, हौसेनं. आप्पांनी ते गावभर केलं आणि चौकात तिचा सत्कारही ठरवला.

आणि गेल्या आठवड्यात चूक सापडली. तो एक तारा नव्हताच. दोन ताऱ्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळला होता आणि कॉम्प्युटरनं बिनदिक्कत त्याचा एक तारा करून तापमानसुद्धा सांगितलं होतं. तसल्या तापमानाचा तारा तिथं कुठंच नव्हता. 'माहीत नाही' म्हणायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, तर त्याला तरी काय बोल लावणार?

तिनं आप्पांना रसवंतीच्या बाकावर नेऊन सगळं सांगून टाकलं. "आप्पा, सत्कार थांबवा. असलं खोटं घेऊन मी स्टेजवर उभी राहणार न्हाई."



"धैर्याची पेटी आली तवा सायब म्हणालं, उघडू नगासा," लालासाहेब म्हणाले. "तुजी आय लय रडली, येकदा तोंड दावा म्हणून. म्या उघडू दिली न्हाई. आत काय हुतं, किती हुतं, मला ठावं न्हाई. तसाच अग्नी दिला." मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "आता हीबी नगं उघडू, पोरी."

क्रांतीला रडू फुटलं. तिला आप्पांचा रागही आला.

सत्कार भर दुपारी झाला. पुढच्या रांगेतल्या राहीबाईंनी विचारलं, "आवं लालासाब, कुठं हाय म्हणायचा त्यो?"

लालासाहेब सावधान उभे राहिले आणि त्यांनी लख्ख उन्हात बोट वर केलं. चौकातल्या बायामाणसांनी तिकडं बघून हात जोडले. स्टेजवरून क्रांतीनंही जोडले.