घोट्यातला आवाज

लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहण्यात जन्म गेला, तर पाय दुखणारच, असं वहिनींचं म्हणणं. चालताना उजवी पोटरी आवळून यायची, थांबलं की मोकळी व्हायची. वयाचं दुखणं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

पण नणंद निवृत्त बस कंडक्टर. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखणारी. बाजाराच्या वाटेवर वहिनी मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करू लागल्या, की ती कमरेवर हात ठेवून बघत राहायची.

"चप्पल नवी ना, वहिनी? मग पट्टा रोज कसा सुटतो?"

"तुमचं आपलं काहीतरीच, वन्सं!"

एके दिवशी नणंदेने फर्मान काढलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत वयस्कर बायकांचं बीपी आणि पायांच्या रक्तवाहिन्या फुकट तपासणार होते. "मला भीती वाटते. सोबत चला." ही आणि भीती? वहिनींना हसू आलं, तरी त्या गेल्या.

नणंदेचं सगळं ठीक निघालं. "आता आलाच आहात तर बसा," म्हणत तिने वहिनींना खुर्चीत दामटलं.

बीपी चांगलंच चढलेलं होतं.

"अगं, पण मला काही होत नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणून तर मोजावं लागतं, आजी," नर्स म्हणाली.

मग तिने त्यांना आडवं केलं, घोट्यावर पट्टा बांधला, गार जेल लावून पेनासारखं यंत्र टेकवलं. डाव्या पायातून रक्ताचा झप्‌ झप्‌ आवाज खोलीभर घुमला. उजव्यातून मात्र नुसती कुजबुज. नर्सने पुन्हा ऐकलं, आकडे ताडून पाहिले.

"या पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय, रक्त कमी पोचतंय. असंच हृदयाजवळही होऊ शकतं. बरं झालं, वेळेत आलात."

जिना उतरताना नणंद वहिनींच्या एक पायरी पुढे राहिली. वहिनींनी विचारलं, "काय हो, भीती गेली का?"

"खोटं नव्हते बोलले," नणंद हळूच म्हणाली. "भीती वाटतच होती. तुमच्यासाठी."

 जिन्यातच वहिनींनी नणंदेचा हात धरला, तो रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. नणंद रोज सकाळी दारात हजर. वहिनी थांबल्या की तीही थांबायची, शेजारणींच्या चहाड्या सांगायची. हळूहळू थांबे कमी झाले, बीपी उतरलं, आणि एकदा दोघी न थांबता तळ्यापर्यंत पोचल्या.

बाकावर बसून वहिनी म्हणाल्या, "वन्सं, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं."

"पुरे आता, रडवाल मला," नणंद म्हणाली आणि पदराने नाक पुसत पाण्याकडे बघत बसली.