चोवीस काडतुसांची पावती

हिंटरआउच्या नेमबाजी मंडळात काडतुसं फ्रिडोलिन एल्मरच्या ताब्यात असायची, आणि गेल्या एकतीस वर्षांत त्याने गावातल्या एकूण एक नेमबाजाचे खिसे तपासले होते. पाद्रीबुवाही त्यातून सुटले नव्हते. सराव संपला की फ्रिडोलिन दाराशी उभा राहायचा. दिलेली काडतुसं, रिकाम्या पुंगळ्या आणि उरलेला माल यांचा मेळ बसल्याशिवाय कुणाला बाहेर पडता यायचं नाही. एका साली बुवांच्या फाटक्या खिशातून एक काडतूस कोटाच्या अस्तरात घसरलं, तर त्याने तिथल्या तिथे अस्तर उसवायला लावलं. बुवा रागावले नाहीत. पण पुढच्या रविवारी प्रवचनात बायबलातला सुईच्या नेढ्यातून जाणारा उंट निघाला, तेव्हा सगळं चर्च फ्रिडोलिनकडे वळून बघत होतं.

आता तपासायला खिसेच उरले नव्हते. चाळीस जणांचं मंडळ अकरावर आलं होतं. त्यातले आठ जण जुन्या, लाकडी दस्त्याच्या लष्करी बंदुकांवर जीव लावून बसलेले, आणि त्या आठांतला सर्वांत कोवळा गडी एकसष्टचा. बंदुका बापाकडून आलेल्या, नाहीतर लष्कराने मोडीत काढल्या तेव्हा चार पैशांत घेतलेल्या. बंदुकांना काही धाड भरली नव्हती. त्या मालकांना पोचवून वर आणखी शंभर वर्षं चालल्या असत्या. पण त्यांची काडतुसं बनवणं बंद झालं होतं, आणि लष्कराच्या नव्या बंदुकीचं बारीक काडतूस जुन्या नळीत बसत नाही. लष्कराच्या कोठारात जुना साठा भरपूर होता तोवर एका कॉफीच्या पैशांत दहा काडतुसं यायची. आता दोन येत, तीही आली तर. म्हणून सराव महिन्यातून एकदा, माणशी पाच गोळ्यांचा. उरलेला वेळ मंडळी पोटावर पडून रिकाम्या बंदुकीचा चाप ओढत आणि लागली की चुकली ते आपापल्या मनाशी ठरवत. या खेळात कुणाचीच चुकत नसे.

मेच्या पहिल्या शनिवारी मंडळाची अध्यक्ष रेगुला झोप्फी कोठाराचं पत्र घेऊन आली. रेगुलाचं गावात चीजचं दुकान. वय पंचेचाळीस, आणि मंडळाची अध्यक्ष ती केवळ एवढ्यासाठी, की तिला पायऱ्या चढताना धाप लागत नसे. ब्रुगमाटच्या टेकडीवर दर जूनमध्ये जुन्या लढाईच्या आठवणीसाठी जुन्याच बंदुकांची नेमबाजी होते. हिंटरआउची जागा तिथे ब्याण्णव वर्षांपासूनची. नियम साधा होता: आठ जणांनी यायचं, प्रत्येकाने चाचणीच्या तीन आणि मोजणीच्या बारा गोळ्या झाडायच्या. एक वर्ष गट आला नाही, किंवा मोजणीची एक गोळी जरी कमी झाडली, तर जागा गेली. नदीपलीकडचं उंटरबाख गाव चाळीस वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून होतं. आठ जणांना एकशेवीस काडतुसं हवी होती. पत्रात लिहिलं होतं, या वर्षी प्रत्येक गटाला शंभर.

रेगुलाने सुचवलं की चाचणीच्या गोळ्या सक्तीच्या नाहीत, त्या सोडून देऊ. आठ बारे शहाण्णव, म्हणजे भागतंय. यावर म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जुन्या बंदुकीची पहिली गोळी कुठे जाईल ते बंदुकीच्या बापालाही ठाऊक नसतं. थंड नळी डावीकडे फेकते, धुकं असेल तर खाली. चाचणीशिवाय झाडायचं म्हणजे उंटरबाखच्या लोकांसमोर पहिल्या तीन गोळ्या गवतात घालायच्या.

"मग काठ्याच घेऊन जाऊ की," कास्पर मार्टी म्हणाला. हा फ्रिडोलिनचा शाळेपासूनचा सोबती, तोंडाने फाटका. "काठीला काडतूस लागत नाही, आणि चढताना टेकायलाही होते."

"कास्परकाका, मी काही काडतुसं पोटात लपवून ठेवलेली नाहीत," रेगुला म्हणाली. ती चिडली नव्हती, फक्त दमली होती. "आठ गावांना फोन केले. सगळ्यांची हीच रड आहे."

आठही जण आपापल्या बुटांकडे बघत बसले. ते बघवलं नाही म्हणून की काय, फ्रिडोलिनच्या तोंडून निघून गेलं, "वीस काडतुसं मी आणतो."

"कुठून? तुझ्या कोंबड्या घालतात का?" कास्परने विचारलं.

"आणतो म्हटलं ना. पुढच्या शनिवारी."

घरी जाताना त्याचे गुडघे दुखत होते, पण मनाचं दुखणं त्याहून जुनं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो लष्करी सेवेतून मोकळा झाला. तेव्हा प्रत्येक शिपायाच्या घरी याच जुन्या बंदुकीच्या चोवीस काडतुसांचा एक सीलबंद डबा असे, युद्ध सुरू झालं तरच उघडायचा. मोकळं होताना तो परत द्यायचा. त्या दिवशी खिडकीशी गर्दी होती, कारकून घाईत होता, त्याने डबा मागितला नाही आणि फ्रिडोलिनच्या पिशवीच्या तळाशी तो तसाच राहिला. घरी आल्यावर लक्षात आलं. उद्या देऊन येऊ, असं त्याने ठरवलं. उद्याचा आठवडा झाला, आठवड्याचं वर्ष झालं, आणि मग जायचं तर ‘इतके दिवस कुठे होतास’ याला उत्तर द्यावं लागणार होतं. लोकांच्या अस्तरात हात घालणारा माणूस, त्याच्याच माळ्यावर चोरीचा माल.

सोळा वर्षांपूर्वी सरकारने देशभरातले सगळे डबे परत मागवले. रेडिओवर सांगितलं, ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्या, प्रश्न विचारणार नाही. फ्रिडोलिनचं जेवणावरून लक्ष उडालं. पण कोठाराच्या खिडकीशी गावचंच कुणीतरी असणार, आणि ते बघणार. तो गेला नाही. रात्री या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा. त्याची बायको एल्सबेट अंधारात म्हणायची, "झोप आता, फ्रिडली. सगळं जागच्या जागी आहे." तिला हे कुठे ठाऊक, असं त्याला वाटायचं आणि आणखीच झोप यायची नाही. एल्सबेटला जाऊन आता चार वर्षं झाली होती. तिला सांगायचं राहून गेलं, ही टोचणी डब्याच्या टोचणीवर वेगळी.

रविवारी सकाळी तो माळ्यावर चढला. डबा एका लाकडी पेटीत होता, पेटीला दोरी. दर वसंतात साफसफाईच्या वेळी तो पेटी उचलून वजन तेवढं बघायचा आणि परत ठेवायचा. उघडण्याचं धाडस त्याला कधी झालं नाही. आज दोरी सोडायला बसला, तर गाठ एका झटक्यात सुटली. तो लष्करी गाठ मारायचा, ती सुटायला खिळा लागतो. ही गाठ खाऊच्या पुड्याला मारतात तशी होती.

आत त्याचा जुना लोकरी मोजा होता, मोज्यात डबा. पण त्याच्या लेबलवर मटार आणि गाजर, आठ जणांसाठी, संपवायची तारीख बारा वर्षांपूर्वीची. सोबत तराजूचं शंभर ग्रॅमचं पितळी वजन. हे वजन हरवलं म्हणून एल्सबेटने नातवावर आळ घेतला होता, आणि तेव्हापासून ती जॅम अंदाजाने करायची. तळाशी चार घड्यांचा एक कागद. कोठाराचा शिक्का, सोळा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार, आणि खाली लिहिलेलं: सीलबंद डबा एक, काडतुसं चोवीस, जमा. आणून देणारी व्यक्ती: एल्सबेट एल्मर, पतीच्या वतीने.

आधी त्याला राग आला. सोळा वर्षं तो मटार-गाजरांपायी जागला होता. मग राग जिच्यावर करायचा ती नाही हे आठवलं, आणि तो तिथेच धुळीत बसून रडला. तिला सगळं ठाऊक होतं. रोज रात्री ती त्याला तेच तर सांगत होती. मात्र ठाऊक आहे असं ती एकदाही म्हणाली नाही, कारण तसं म्हटलं असतं तर त्याला तिच्याकडे मान वर करून बघता आलं नसतं. तो खाली उतरला तेव्हा दुपार झाली होती.

सोमवारी रेगुला दुकानात हिरव्या चीजचे तुकडे कागदात बांधत होती. फ्रिडोलिनने पावती तिच्यासमोर ठेवली, सुरुवातीपासून सगळं सांगितलं आणि पावतीशेजारी काडतुसांच्या कपाटाची किल्ली ठेवली.

रेगुलाने पावती दोनदा वाचली. "म्हणजे काका, तुम्ही चोर नव्हतात," ती म्हणाली, "आणि आपल्याकडे काडतुसंही नाहीत."

"हो. दोन्ही खरं."

तिने किल्ली त्याच्याकडे परत सरकवली. "ही कुणाला देऊ? कास्परकाकांना? ते पुंगळ्या मोजताना झोपतात. बाकीच्यांना मात्र तुम्हीच सांगायचं. तुमच्या वाटणीचं मी सांगणार नाही."

शनिवारी त्याने सांगितलं. उभं राहून, अंगात कोट असताना, आवाज न चढवता. वीस काडतुसं येणार नाहीत, आणि का येणार नाहीत. कुणी हसलं नाही. शेवटी कास्पर उठला, लंगडत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"खिसे दाखव," कास्पर म्हणाला.

एकतीस वर्षांत फ्रिडोलिनचे खिसे कुणी बघितले नव्हते. त्याने ते उलटे करून बाहेर काढले. एक रुमाल निघाला, खोकल्याच्या दोन गोळ्या आणि ती पावती. कास्परने पावती हातात घेतली, चष्मा नव्हता म्हणून लांब धरून वाचली, आणि नीट घडी करून त्याच्याच खिशात परत घातली.

"मेळ बसतोय," तो म्हणाला. "बायको तुझ्यापेक्षा हुशार होती, एवढं सोडलं तर नवीन काही कळलं नाही. चला, गवतात गोळ्या घालायला जाऊ."

जूनच्या त्या सकाळी ब्रुगमाटवर धुकं होतं. व्हायचं तेच झालं. कास्परची पहिली गोळी निशाणाच्या फळ्यालाही लागली नाही, दुसरीने फळ्याची कड उडवली. उंटरबाखची माणसं दोरीमागे सॉसेज खात उभी होती, त्यांतलं कुणीतरी विचारत होतं की हे नेम धरतात की पाखरं हाकलतात. आठही जण पोटावर पडून हळूहळू झाडत राहिले. प्रत्येक गोळीआधी लांब श्वास, प्रत्येक गोळीनंतर फळ्याच्या दिशेने डोळे बारीक करून बघणं. गुडघे, खांदे, कान, सगळं दुखत होतं. फ्रिडोलिनची पाळी सगळ्यांत शेवटी आली. पहिल्या तीन त्याच्याही वाया गेल्या. उरलेल्या नऊ बऱ्या लागल्या, पण त्याने फरक पडत नव्हता. अडतीस गटांत हिंटरआउ सदतिसावं आलं. अडतिसाव्या गटातला एक जण चक्कर येऊन पडला होता.

पण शहाण्णव गोळ्या झाडून झाल्या होत्या, आणि नियमात कितवं यायचं ते लिहिलेलं नव्हतं. जागा राहिली. रेगुलाने आठही जणांना दारू घातलेली कॉफी पाजली आणि म्हणाली की पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी शंभर तरी मिळतील का, हे कुणी विचारलं नाही. विचारण्याइतकं त्राणही नव्हतं.

फ्रिडोलिनच्या पिशवीत चार काडतुसं उरली होती. कास्पर बाकावर त्याच्या शेजारी बसला, इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "ठेव ती. चारच तर आहेत. चार घरात असली तर पुढच्या वेळी निदान नळी तरी गरम होईल. परत काय, उद्याही देता येतील."

फ्रिडोलिनने चारही काडतुसं तळहातावर घेतली. ती सरळ, जड, चकचकीत होती, आणि आता जगात अशी रोज थोडी थोडी कमीच होणार होती. कास्परचं खोटं नव्हतं. त्याला ती ठेवावीशी वाटली, हेही खोटं नव्हतं.

"उद्या मला जमत नाही," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

कोठाराची गाडी टेकडीच्या पायथ्याशी उभी होती. उरलेला माल तिथे जमा करायचा. मागच्या खिडकीत गणवेशातली एक तरुण मुलगी आवराआवर करत होती. तिने चार काडतुसं घेतली, पेटीत टाकली, आणि खिडकी ओढायला लागली.

"पावती," फ्रिडोलिन म्हणाला.

"चार काडतुसांची पावती कुणी मागत नाही, आजोबा."

"घरी मागतात."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग कागद काढला, लिहिलं, शिक्का मारला. फ्रिडोलिनने तो उभ्या उभ्या वाचला, चार घड्या घातल्या आणि खिशातल्या त्या दुसऱ्या कागदाशेजारी ठेवला. मग तो रस्त्याच्या कडेकडेने बसच्या दिशेने चालू लागला.