श्रीनाथचे जुने एलिमेंट

अग्निशमन दलातून निवृत्त झालेले दोन ट्रक श्रीनाथ आणि पुष्करने विकत घेतले होते आणि न्युरेम्बर्गबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्यांची फिरती घरं केली होती. पलंग, शेगडी, पडदे, सगळं झालं. पण गेल्या वर्षी आल्प्सच्या घाटात दोन्ही ट्रकनी असा दम टाकला, की सायकलवरचे एक आजोबा शेजारून पुढे गेले आणि जाताना हातही हलवून गेले. दोन पुणेकर इंजिनिअरना हा हात वर्षभर पचला नाही.

मग त्यांनी दोन्ही डिझेल पंपांची सीलं तोडली. आतले एलिमेंट, म्हणजे इंजिनात डिझेल दाबून ढकलणारे दट्टे, काढून त्यांच्या जागी जाडे बसवले. ताकद वाढली, धूरही थोडा वाढला. असा बदल मंजुरीशिवाय चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुष्करला जरा जास्तच, कारण तो गाड्या तपासणाऱ्या एका संस्थेत इन्स्पेक्टर होता. तिथे आपला माणूस बसलाय म्हटल्यावर श्रीनाथ निर्धास्त. इतकी वर्षं जर्मनीत काढली, पण ही एक सवय काही सुटली नव्हती.

उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं पुन्हा त्याच घाटाने इटलीला जाणार होती. तपासणीत पास झाल्याचं नवं प्लाकेट, म्हणजे तो गोल स्टिकर, नंबरप्लेटवर लागला नाही, तर ट्रक शेडमध्येच राहणार.

"दुसरीकडे कशाला, माझ्याकडेच आण की," पुष्कर म्हणाला होता.

तपासणीच्या दिवशी त्याने श्रीनाथच्या ट्रकचे ब्रेक पाहिले, दिवे पाहिले आणि मग टॉर्च सरळ पंपावर मारला. चाचपडला नाही, शोधलं नाही. शोधायचं काय, त्याचाच हात फिरलेला.

"सील नाहीये."

"नसणारच. तुझ्याच पकडीने तोडलं."

"हळू बोल रे."

"इथे मराठी कुणाला कळतंय?"

"आल्झो," पुष्कर एकदम ऑफिसातल्या जर्मन सुरात म्हणाला, "तर, प्लाकेट देता येत नाही. पंप पूर्वीसारखा करून, सील लावून आण."

श्रीनाथ हसला. समोरचा हसेना, तेव्हा थांबला. "बरं, जुने एलिमेंट तळघरात आहेत. बसवून आणतो."

त्यावर पुष्कर नुसतं "बघ" म्हणाला आणि टॉर्च खिशात ठेवला.

तळघरात डबा होता, आत तेलकट फडकं होतं, एलिमेंट नव्हते.

"ते तर पुष्करभावजी घेऊन गेले मागे," त्याची बायको वसुधा म्हणाली. "तूच मागवलेत म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही, घाईत होते."

श्रीनाथने फोन लावला.

"माझे एलिमेंट कुठायत?"

"माझ्या ट्रकमध्ये. अरे, सांगणारच होतो. इन्स्पेक्टरच्याच गाडीत असला पंप सापडला तर नोकरी जाईल माझी. आणि माझे जुने पार झिजलेले."

"म्हणजे तुझा पंप कधीच पूर्वीसारखा झाला."

"हो, सीलसकट."

"आणि मला म्हणालास गाडी घेऊन ये."

"तू दुसरीकडे गेला असतास तर त्यांनी विचारलं असतं, पंप कोणी खोलला. आता विषय आपल्यातच राहिला."

"आपल्यात म्हणजे कोणाकोणात?"

पुष्करने ते ऐकलंच नाही असं केलं. आवाजात साखर घालून म्हणाला, "नवे मागव, यायला वेळ लागेल म्हणा. तोवर असं करू, इटलीला तुम्ही आमच्याच ट्रकमध्ये चला. वहिनींना पुढची खिडकीची सीट."

वसुधा दारात उभी राहून ऐकत होती. श्रीनाथने ते रिकामं फडकं नीट घडी करून डब्यात ठेवलं.

"नको. तुम्ही जा," तो म्हणाला. "माझे एलिमेंट तसे जुनेच. घाटात दम टाकतील. ते सायकलवाले आजोबा भेटले तर या वेळी तू हात कर."