चिंचोक्यांचा ताळेबंद

माझ्या ऑफिसात तीन शब्दांना बंदी आहे: अंदाजे, जवळपास आणि भरपूर. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून मी वर्षानुवर्षं लोकांचे हिशेब तपासते आहे. "मॅडम, अंदाजे धरून टाका की," असं म्हणणाऱ्याला मी आधी चहा पाजते आणि मग जिना दाखवते. पाठीमागे लोक मला 'खडूस मंजुषा' म्हणतात. म्हणोत बापडे. बँकेत गेल्यावर माझ्या सहीचा कागद पुढे केला की त्यांचीच मान ताठ होते, हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्या एप्रिलात माझ्याकडे पाहुणी होती. नेमा तिचं नाव, टांझानियाची. स्वतः अकाउंटंट. तिच्या देशात मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांना पुरतील एवढे हिशेबतपासनीस आहेत. पण खेड्यातली दूध संस्था, बायकांचे गट, गुरं राखणाऱ्यांच्या मंडळ्या यांच्याकडे फिरकायला कुणी नाही. "मदतीचे पैसे येतात," ती म्हणाली, "पण पहिल्या हप्त्याचा हिशेब दाखवता येत नाही, म्हणून दुसरा येत नाही. आमच्या गावात एक विहीर अशीच अर्धी खणून पडली आहे." ती विहीर बघतच ती लहानाची मोठी झाली होती. आपल्याकडे छोट्या संस्थांचं ऑडिट कसं होतं ते बघायचं आणि परत जाऊन तिकडच्या पोरापोरींना शिकवायचं, यासाठी ती तीन महिने आली होती. आम्ही बोलायचो इंग्रजीत. चहावाल्याशी मात्र ती "अद्रक जादा डालो भाई" इतपत अस्सल बोलायला लागली होती.

मी फुशारले, हे कबूल करायला हवं. म्हटलं, "चल, तुला आमचं चोख काम दाखवते." आणि तिला सुकेशनीच्या कंपनीवर घेऊन गेले.

सुकेशनी माझ्याच हाताखाली तयार झालेली. गंगापूरकडच्या मेंढपाळाची मुलगी. मेंढपाळांनी एकत्र येऊन काढलेल्या एका कंपनीचे हिशेब ती ठेवायची आणि तिचे वडील मल्हारी त्या कंपनीचे अध्यक्ष. कंपनीच्या मालकीचा एक जातिवंत मेंढ्यांचा कळप होता. त्याची कोकरं सभासदांना रास्त दरात मिळायची. गेल्या हिवाळ्यात रोग आला, तेव्हा जनावरांचा डॉक्टर रानात पोचेपर्यंत सुकेशनीने आपल्या हातांनी कोकरं पुरली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: फिरता दवाखाना. डॉक्टर, औषधं, लशींसाठी बर्फाची पेटी, सगळं एका गाडीत. मेंढ्या जिथे, गाडी तिथे. मुंबईची एक संस्था गाडी द्यायला तयार होती. तिची अट एकच, महिनाअखेर स्वच्छ ऑडिट रिपोर्ट. त्यात कुठेही शंका दिसली, की गाडी दुसऱ्या जिल्ह्याला जाणार.

सुकेशनीचे कागद बघून मला शिष्येचा अभिमान वाटला. बिल बिलाच्या जागी, पावती पावतीच्या जागी. राहिलं होतं एकच काम: पुस्तकात लिहिलेला कळप डोळ्यांनी बघून मोजायचा. दुकानात माल मोजतात, तसाच. अर्ध्या तासाचं काम, असं मी नेमाला सांगितलं.

ऊस तोडून रिकाम्या झालेल्या एका शेतात मल्हारींनी मेंढ्या बसवल्या होत्या. शेताला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं, असा हा जुना व्यवहार. दोरीच्या जाळीचं कुंपण, त्याला एकच तोंड. बाजूला झोपडी, तिच्या सावलीत मल्हारींची बायको कस्तुराबाई चिंचा फोडत बसलेली. मी मल्हारींना रामराम केला आणि विचारलं, "किती आहेत?"

"देवाच्या दयेनं भरपूर हायेत," मल्हारी म्हणाले.

मी वही उघडली. "भरपूर नको, आकडा सांगा."

"आकडा नसतो सांगायचा, बाई."

"बरं, मी मोजते." मी कुंपणाकडे बोट केलं, तशी कस्तुराबाई ताडकन उठली आणि तिने माझं बोट धरून खाली केलं.

"नका ताई," ती म्हणाली. "बोट दाखवून मोजलं की नजर लागती. गेल्या साली एक सायब आला, एक-दोन-तीन करून मोजून गेला. महिना नाय उलटला आन् रोग आला."

"माझ्या आज्यानं मोजली नाय, बापानं मोजली नाय," मल्हारी म्हणाले. "एक कमी झालं तर चेहरा दिसत नाय म्हणून कळतं. मोजायचं कशाला?"

मी सुकेशनीकडे पाहिलं. तिची मान खाली. "मॅडम, रोग विषाणूचा होता, मला माहितीये," ती हळूच म्हणाली. "पण मायला कसं सांगू? मला वाटलं, आप्पा तुमचं तरी ऐकतील."

मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. मल्हारी शांतपणे तंबाखू मळत ऐकत होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी सांगून टाकलं, "मल्हारीभाऊ, जे मी पाहिलं-मोजलं नाही, त्यावर माझी सही होणार नाही. गाडी गेली असं समजा."

सुकेशनी वळली. झोपडीमागे जाऊन उभी राहिली. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. पोर माझी, काम चोख, आणि माझ्याच नियमापायी तिचा दवाखाना बुडत होता. वर परदेशी पाहुणीसमोर शोभा.

पाहुणीला मी झालेलं सगळं इंग्रजीत सांगितलं, तशी ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आता ही काय काय सांगणार आपल्या देशात जाऊन, या विचाराने मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण नेमा म्हणाली, "माझे आजोबा! अगदी माझे आजोबा! गाई किती असं विचारलं, की ते आभाळाकडे बघतात. घरातली लेकरंसुद्धा मोजू देत नाहीत."

मी ते मराठीत सांगितलं. मल्हारींचा चेहरा खुलला. "म्हंजी तिकडं बी आपलीच माणसं हायेत की! अगं, चहा टाक पाव्हणीला!" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मंग तुमी हिशेब कसा दावता?"

"नाही दाखवत," नेमा म्हणाली. आता ती हसत नव्हती. "म्हणून तर विहीर अर्धी आहे."

मी विहिरीची गोष्ट सांगितली. मल्हारींच्या हातातली तंबाखू तोंडात टाकायचीही राहून गेली. मग म्हणाले, "तोंडानं आकडा निघायचा नाय. बोट व्हायचं नाय. त्ये सोडून काय करता येतंय बघा."

नेमाने विचारलं, "मेंढ्या नाही मोजल्या, दुसरंच काही मोजलं तर?" एक मेंढी कुंपणाच्या तोंडातून बाहेर आली, की पिशवीत एक दाणा टाकायचा. पिशवी बांधून शहरात न्यायची आणि दाणे तिथे मोजायचे. दाण्यांना कशाची नजर लागणार?

मल्हारींनी कस्तुराबाईकडे पाहिलं, कस्तुराबाईने आभाळाकडे. "दाण्याला नाय लागत," तिने निकाल दिला आणि आतून हरभऱ्याचा डबा आणला.

मल्हारींचा धाकटा भाऊ अजिनाथ पिशवी घेऊन कुंपणाच्या तोंडाशी उभा राहिला. मी शेजारी, शंभर टक्के लक्ष ठेवून. पहिल्या काही मेंढ्या शहाण्यासारख्या बाहेर आल्या. मग एका एडक्याला हरभऱ्याचा वास लागला. त्याने अजिनाथच्या गुडघ्यात डोकं घातलं, अजिनाथ आडवा, पिशवी त्याच्या छातीवर आणि पिशवीत चार तोंडं. ऑडिटचा पुरावा कुणी चघळताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. "हाड्! सरकारी काम हाय!" अजिनाथ खालूनच ओरडत होता. सुकेशनी झोपडीमागून धावत आली आणि इतकी हसली, की तिला कुंपणाचा आधार घ्यावा लागला. बाहेर आलेल्या मेंढ्या परत आत घालेपर्यंत उन्हं कलली.

"खायचं नाय असं कायतरी घ्या की," कस्तुराबाई म्हणाली आणि चिंचांच्या परातीकडे बघून तिने स्वतःच कपाळावर हात मारला. परातभर चिंचोके पडले होते.

दुसरा प्रयत्न शांततेत पार पडला. चिंचोका मी स्वतः टाकत होते. कोकरासकट प्रत्येकीच्या कानातला कंपनीचा पिवळा बिल्ला बघायचा आणि चिंचोका सोडायचा. तोंडातून शब्द नाही. पिशवीचं तोंड शिवलं, गाठीवर लाख लावली आणि त्यावर मल्हारींचा अंगठा व माझी सही असलेली पट्टी चिकटवली.

ऑफिसात आल्यावर सगळे चिंचोके टेबलावर ओतले. नेमाने मोजले, मी मोजले. सुकेशनीला मी गॅलरीत उभं केलं होतं. पुस्तकातला आकडा तिला ठाऊक होता, पण मोठ्याने मोजलेला तिने न ऐकलेलाच बरा. किती भरले? ते मी तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच सांगते, की पुस्तकापेक्षा एक कमी भरला.

पुन्हा मोजले. एक कमीच. टेबलाखाली शोधलं, पिशवी उलटी केली, नेमाने तर स्वतःचे खिसे झाडले. सुकेशनी दारात आली आणि आमच्या चेहऱ्यांवरून तिला कळलं. "एकानं काय होतंय, मॅडम," असं ती म्हणाली नाही. माझ्याकडे शिकलेली पोर ती. नुसती खुर्चीत बसली.

"थांबा," नेमा एकदम म्हणाली. "चहाचे कप ठेवायला मी झोपडीत गेले होते. आतल्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मेंढी बांधलेली होती. पोट मोठं. कस्तुराबाईंनी मला हाताला धरून बाहेर काढलं."

"व्यायला आलेली दाखवत नसतात," सुकेशनी म्हणाली. तिच्या आवाजात जीव आला होता. "माय कुण्णाला सांगत नाही. फोन लावू आप्पांना?"

"फोनवर मेंढी दिसत नाही," मी म्हटलं. खडूस ते खडूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी पुन्हा शेतात हजर. कस्तुराबाईने आधी आढेवेढे घेतले, मग ताडपत्री उचलली. मेंढी होती, कानात पिवळा बिल्ला होता आणि तिच्या पोटाशी रात्री झालेलं, अजून पायांवर धड उभं न राहणारं काळंभोर कोकरू होतं. मी पर्समधून पिशवी काढली आणि एक चिंचोका आत टाकला.

"आन् बारकीचा?" मल्हारींनी विचारलं.

"ती पुढच्या वर्षाच्या हिशेबात. हे साल मार्चला संपलं."

"घ्या! जन्मली नाय तोच सरकार म्हणतं पुढच्या साली ये," मल्हारी म्हणाले आणि सगळे हसलो. कस्तुराबाईने कोकरू उचलून नेमाच्या मांडीवर ठेवलं. त्याचं नाव काय ठेवायचं, हे कुणी विचारलंच नाही. ते नेमाच झालं.

त्याच संध्याकाळी मी रिपोर्टावर सही केली. 'प्रत्यक्ष पडताळणी केली, पुस्तकाशी जुळते.' एवढं एक वाक्य लिहिताना इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

नेमा जाताना कस्तुराबाईने तिला फडक्यात बांधून चिंचोके दिले. विमानतळावर तिला म्हणे दहा वेळा विचारलं, हे काय आहे. तिने सांगितलं, "माझ्या धंद्याचं सामान." पुढे तिचा एक फोटो आला. काटेरी कुंपणाचं दार, त्यातून निघणाऱ्या गाई आणि दाराशी लाल वस्त्र पांघरलेले, हातात चिंचोक्यांचा वाडगा घेतलेले आजोबा. सोबत आणखी चार गावची पोरं होती, वह्या घेऊन बसलेली. विहिरीचा दुसरा हप्ता मागायला त्यांनी कागद लावले होते.

आणि आपल्याकडे दिवाळीच्या आधी गाडी आली. पांढरी, कोरी, बाजूला मेंढीचं चित्र. अख्खी वस्ती नटून उभी. गाडीतून उतरला तो नुकताच लागलेला, उत्साही डॉक्टर. बाह्या सरसावून त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "किती मेंढ्या आहेत? तेवढी लस काढतो."

मल्हारी आभाळाकडे बघायला लागले. अजिनाथने चपलेचा अंगठा तपासायला घेतला. कस्तुराबाई, सुकेशनी, सगळ्यांचे डोळे फिरून फिरून माझ्यावर आले.

मी घसा साफ केला. "देवाच्या दयेनं," मी म्हटलं, "भरपूर आहेत."

"मॅडम, तुम्ही सीए ना?" डॉक्टर गोंधळला. "भरपूर म्हणजे किती?"

मी त्याला दंडाला धरून गाडीमागे नेलं, त्याचा तळहात उघडला आणि पेनाने त्यावर चिंचोक्यांचा ताजा आकडा लिहिला. "मोठ्यानं वाचायचा नाही," मी बजावलं. "आणि काम झालं की हात धुऊन टाका."

त्याने वाचलं, मूठ मिटली आणि बर्फाची पेटी उघडली. मी गाडीमागून पुढे आले, तेव्हा सुकेशनी नेमा नावाच्या कोकराला उराशी धरून रांगेत सगळ्यांत पुढे उभी होती. आता ते चांगलं थोराड झालं होतं, तिच्या हातात मावत नव्हतं. तरी तिने ते खाली ठेवलं नाही. सुई टोचली तेव्हा कोकरू नुसतं शिंकलं, आणि सुकेशनी सगळ्यांसमोर ढसढसा रडली.