करकोचा आणि चिकटलेलं पान

“हॉलोवेबाई, करकोच्याला तहान लागली तर तो तळ्यावर जाईल की नाही? विहिरीपाशी मान हलवत कशाला उभा राहील?”

हालिनाने हे विचारलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. “विचारून दाखवलंस तर तुला मानलं,” असं मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. पाहुण्या म्हणून वर्गात आलेल्या हॉलोवेबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरून मला उचललं आणि पोटाशी धरलं.

मित्रांनो, मी त्यांचा जुना शब्दकोश. पोलिश शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगणं हे माझं काम. अमेरिकेत नव्याने उतरलेल्या पोलिश कामगारांसाठी शिकागोतल्या एका छापखान्यात मला छापलं. तेव्हा मी निळ्या कापडी पुठ्ठ्यात ऐटीत उभा राहत असे. आता पुठ्ठा सुटला आहे, पाठीला तीन ठिकाणी चिकटपट्टी आहे आणि मधली पानं केव्हाही गळतात. थकलो आहे, खोटं कशाला सांगू?

वर्ना हॉलोवे पंचविशीत बफेलो शहरातल्या पोस्टात पत्रं निवडायचं काम करत. शेजारपाजार सगळा पोलिश. जिन्यातलं भांडण नेमकं कशावरून चाललंय ते कळावं, म्हणून त्यांनी मला विकत घेतलं. भांडणं समजू लागली, मग गाणी समजू लागली, आणि बाई कवितांच्या नादी लागल्या त्या लागल्याच. कामावरून आल्या की कोटही न काढता मला उघडत. त्यांच्या स्वतःच्या कवितांची तीन पातळ पुस्तकं निघाली, ती फारशी कुणी वाचली नाहीत. पण एका पोलिश खेडूत बाईच्या कविता त्यांनी इंग्रजीत आणल्या आणि त्यातल्या एका ओळीने त्यांचं नाव झालं.

‘करकोचा विहिरीपाशी मान लववतो, वर करतो, पुन्हा लववतो.’

ही ओळ शाळेच्या पुस्तकात गेली. बागेतल्या बाकावर कोरली गेली. लोक बाईंचा फोटो काढायला येत, तेव्हा मलाही शेजारी ठेवत. मी फुगून जात असे. पण आतून मला रोज टोचत होतं, कारण खरं काय ते मला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं. ईस्टरच्या आधी येणारे लेंटचे उपास सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे घरोघरी डोनट तळतात, आत आलुबुखाराचा घट्ट मुरंबा भरलेले. असाच एक डोनट डाव्या हातात धरून बाई उजव्या हाताने माझी पानं उलटत होत्या. मुरंब्याचा गोळा पडला तो थेट माझ्या शेवटच्या भागात. त्यांनी जीभ चावली, पुसलं, मला मिटलं. दोन पानं एकमेकांना जी चिकटली ती चाळीस वर्षं सुटली नाहीत. त्या दोहोंच्या मध्ये एका शब्दाचा उरलेला अर्थ कोंडला गेला. मी सांगणार कसा? शब्दकोशाला सगळे शब्द येतात, हाक तेवढी मारता येत नाही.

त्या प्रश्नानंतरच्या रविवारी हालिना बाईंच्या घरी आली. हातात वडिलांच्या बेकरीतला खोका.

“बाबांनी पाठवलंय. माफी माग म्हणाले. माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणे.”

“लावूही नकोस. बस.”

“पण बाई, खरं सांगू? ते करकोच्याचं ऐकून बाबा आधी पोट धरधरून हसले. म्हणाले, अगं, तो पक्षी नव्हेच! पोलंडमधल्या त्यांच्या गावी विहिरीवर पाणी काढायची, खांबावर वर-खाली होणारी लांब दांडी असते, तिलाही ‘झुराव’च म्हणतात. मग मी त्यांना मूळ कविता वाचायला दिली. मला कुठं धड वाचता येतं? तर त्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, ती दांडी नुसती वाऱ्याने हलतेय. पाणी काढायला गावात माणूसच उरलेलं नाही.”

बाईंनी भिंग घेतलं, मला उघडलं. “झुराव. एक, करकोचा. एवढंच तर आहे.”

हालिनाने पान चिमटीत धरलं. “बाई, हे पान जाड लागतंय.”

तिने किटली ठेवली आणि मला वाफेवर धरलं. मुरंबा सैल झाला, तशी तिने नखाने पानं हळूहळू सोडवली. आतल्या पानावर अगदी वर लिहिलं होतं: ‘दोन, विहिरीतून पाणी काढायची दांडी.’

बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. “मी जन्मभर नळाचं पाणी प्यालेली,” त्या म्हणाल्या. “लोक माझी पाठ थोपटत राहिले. आणि मी एका बाईचं रडणं पुसून तिथं पाखरू बसवलं.”

त्यांच्या सगळ्या अनुवादांचं एकत्र पुस्तक छापायला जाणार होतं. त्यांनी संपादकाला फोन लावला. “राहू द्या हो बाई,” तो म्हणाला. “करकोचा लोकांचा लाडका आहे.”

बाईंनी फोन ठेवला, कच्च्या छपाईचा गठ्ठा ओढला आणि करकोच्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. मग पेन्सिल खाली ठेवली.

“एक चूक झाली म्हणजे आणखी असणार. दोनशे कविता मुळाशी ताडून पाहायला हव्यात, पोरी. आता ना डोळे उरलेत, ना जीव.”

हालिनाने खोका तिथेच ठेवला आणि मला मागून घेतलं.

मित्रांनो, वाचताना खाऊ नका असं मी म्हणणार नाही. माझ्या अंगावरचे सगळे डाग प्रेमाचेच आहेत. पण एखादं पान जाड लागलं तर तसंच पुढं जाऊ नका. थांबा, हलक्या हाताने सोडवा. आत कुणाचं तरी गाव अडकलेलं असतं.

बेकरीत आई परात घासत होती, बाबा पीठ चाळत होते. हालिनाने मला त्या दोघांच्या मध्ये आपटलं. कंबर मोडली, पण तक्रार नाही.

“आई, बाबा, ऐका. यापुढं शनिवारी मी दुकानात उभी राहणार नाही. हॉलोवेबाईंना मूळ कविता वाचून दाखवणार, दोनशेच्या दोनशे.”

“तू?” आईने परात खाली ठेवली. “पोलिश म्हटलं की कानात बोळे घालणारी तू?”

“म्हणूनच तर! आजपासून जेवताना कुणी माझ्याशी इंग्रजीत बोलायचं नाही. नुसतं मीठ मागायचं असलं तरी!”