बांधावरच्या म्हातारीचा अडकणारा हात

मित्रांनो, मी जन्मले तेव्हाच म्हातारी होते. बालपण, तरुणपण यांतलं मला काहीच मिळालं नाही. कागदाच्या लगद्यातून माझा चेहरा वर आला तोच सुरकुत्या घेऊन. मी एक जुनी, मोटरीवर हलणारी बाहुली आहे. पोलादपूर तालुक्यात कापडे गावाच्या पुढे आमची वाडी आहे. तिथल्या सार्वजनिक गणपतीपुढे दरवर्षी जो हलता देखावा लागतो, त्यातल्या भातखाचराच्या बांधावर मी उभी असते.

मला श्रीपतबाबांनी घडवलं. ते महाडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. सकाळची पाळी संपवून दुपारी बसने घरी येत आणि जेवून उठले की पडवीत माझ्या हाडांच्या मागे लागत. हाडं म्हणजे बांबूच्या कामट्या, सायकलची चेन आणि भंगारात मिळालेली एसटीच्या वायपरची मोटर. चेहरा मात्र त्यांच्या पत्नीने, राहीबाईंनी केला. आपलं जुनं लुगडं फाडून त्यांनी मला नेसवलं. आवाजही त्यांचाच. श्रीपतबाबांनी टेपरेकॉर्डर पुढे ठेवला आणि म्हणाले, "हाक मार."

"कोणाला?"

"शेतातल्या माणसांना. जेवायला बोलव."

राहीबाईंनी पदर खोचला आणि खरोखरच बांधावर उभ्या असल्यासारख्या ओरडल्या, "चला गो, चला रे, भाकऱ्या निवल्या!" त्याच वेळी घरामागच्या परड्यात कोंबडा आरवला. तोही कॅसेटमध्ये गेला.

देखावा साधाच होता. एक नांगऱ्या दोन बैल हाकायचा. पावसासाठी डोक्यावर पानांची इरली घेतलेल्या चार बाया वाकून भात लावायच्या. त्या तीनदा वाकल्या की मी हात वर करायचे आणि हाक मारायचे. मग सगळे माना वळवून माझ्याकडे बघायचे. एवढंच.

पण माझा हात सरळ वर जात नसे. श्रीपतबाबांनी हात उचलायला आत लाकडाची चकती बसवली होती. भाद्रपदातल्या ओलीने ती फुगायची आणि हात अर्ध्यावर अडकायचा, थरथरायचा आणि मग एकदम झटक्यात वर जायचा. पहिल्याच वर्षी मुलांनी ते हेरलं. समोर बसून ती मोठ्याने म्हणायची, "अडकली... अडकली... उठली!" आणि टाळ्यांचा पाऊस. पुढे मोठी माणसंही त्यात सामील झाली. मुंबईहून गणपतीला आलेली मंडळी सामान ओसरीवर टाकून आधी माझा हात बघायला येत. वरंधकडून लोक मोटारसायकली घेऊन येत. देखाव्यात एवढ्या बाहुल्या, पण नाव झालं माझ्याच हाताचं.

अशी पंचवीस वर्षं गेली. मग एका वर्षी, भर दुपारी आरती चालू असताना, खाचराखालची वायर जळली. खाचरात अंथरलेल्या पेंढ्याने पेट घेतला. श्रीपतबाबांनी धावत जाऊन बटण बंद केलं, उघड्या हातांनी पेंढा ओढून काढला. कोणी दगावलं नाही, पण त्यांचा तळवा भाजला. बाया मुलांना कवटाळून बाहेर पळाल्या. त्या दिवसापासून देखावा बंद राहिला आणि मी गोणपाटात गेले.

गणपतीच्या पुढच्या बैठकीत श्रीपतबाबा स्वतःच म्हणाले, "माझ्या हाताला आता कंप सुटलाय. माझ्यानं होणार नाय. देखावा प्रियाला द्या."

प्रिया म्हणजे प्रियदर्शिनी, वाडीतलीच मुलगी. इंजिनिअरिंग करून ती वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात लागली होती. लहानपणी माझ्यासमोर सगळ्यात मोठ्याने ओरडणारी तीच. तीन महिने दर रविवारी ती समाजमंदिरात येऊन माझ्यासाठी झटली. जुन्या वायरी काढल्या, छोट्या नव्या मोटरी बसवल्या, लाकडी चकतीच्या जागी धातूची चकती आली. कॅसेट इतकी घासली होती की शब्द कळत नव्हता. म्हणून तिने महाडच्या एका बाईंकडून हाक नव्याने रेकॉर्ड करून आणली. श्रीपतबाबांना आणि राहीबाईंना तिने मुद्दामच काही सांगितलं नाही. एकदम दाखवून खूश करायचं, असं तिच्या मनात होतं.

खरं सांगू, मित्रांनो? पहिल्यांदा हात सरळ वर गेला तेव्हा मला फार हलकं वाटलं. इतकी वर्षं माझा खांदा दुखत होता, हे मला तो थांबल्यावर कळलं.

गणपतीला आठ दिवस उरले असताना प्रियाने देखाव्याचा व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकला. ती माझ्या शेजारीच फळीवर बसली होती. फोन टिंगटिंग वाजू लागला. ती हसत वाचू लागली. हळूहळू तिचं हसू मावळलं.

"ही आमची म्हातारी नाय."

"एसटी स्टँडवरची बाई गाड्या पुकारतेय जणू."

"कोंबडा कोणी खाल्ला?"

एकाने लिहिलं होतं, "छान झालं, आता पोरांना पुढं बसवायला भीती नाय." पण त्याचं कोणी ऐकलं नाही. मग वाडीतल्याच राजेंद्रचा व्हॉइस मेसेज आला. तो मुंबईला लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दरवर्षी सुट्टी काढून येतो. "आम्ही इकडून एवढं लांब कशाला येतो? तो हात बघायला येतो. हात अडकत नाय तर देखावा कसला? दोन बुकं शिकली म्हणून वाडीच्या वस्तूची वाट लावायची का? मी या साली येणार नाय."

प्रियाने फोन उलटा ठेवला. तिने स्क्रू ड्रायव्हर उचलून माझ्या हाताशी नेला आणि न फिरवताच खाली ठेवला. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण मला एकच हात हलवता येतो, आणि तोही बटण दाबल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई समाजमंदिरात आल्या. शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांनी व्हिडिओ ऐकला होता. माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी माझं लुगडं सारखं केलं.

"प्रिया गो, माझा आवाज टाकाऊ झाला का?"

प्रिया शिडीवरून खाली उतरली. "नाय आजी. कॅसेट पार घासली होती. काय ऐकूच येत नव्हतं."

"मग मला बोलवायचं होतं. मी काय मेले नाय अजून. चार घरं सोडून राहते."

प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं आजी. मला वाटलं, तुम्हाला एकदम दाखवावं."

"दाखवायचं ते दाखव. पण आधी विचारावं बाय." राहीबाई स्टुलावर बसल्या. "काढ तुझा फोन. कुठं बोलू?"

त्यांचा आवाज आता जाड झाला होता, मध्येच फाटत होता. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा त्या हसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि हाक मारली, "चला गो, चला रे, कुठवर थांबू? भाकऱ्या निवल्या!" बाहेरून पोलादपूरला जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न वाजला. प्रिया म्हणाली, "राहू दे, आजी. हेच घेऊ." जुन्या हाकेत 'कुठवर थांबू' नव्हतं. ते आता कुठून आलं, हे तिने विचारलं नाही. राहीबाईंचे दोन्ही मुलगे मुंबईला असतात, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे.

हाताचं काय करायचं, हे मात्र ठरेना. धातूची चकती काढून पुन्हा लाकडाची बसवावी, असं प्रियाच्या मनात येऊ लागलं होतं. या वेळी मात्र आधी विचारायचं, म्हणून ती श्रीपतबाबांच्या घरी दोनदा गेली. दोन्ही वेळा बाबा एवढंच म्हणाले, "आधी चालू झालेलं बघू दे मला."

गणपती बसले त्या दुपारी समाजमंदिर भरून गेलं. येणार नाही म्हणणारा राजेंद्रही आला होता, मुलीला खांद्यावर घेऊन. श्रीपतबाबा पुढच्या खुर्चीत बसले. प्रियाने बटण दाबलं. बैल हलले, बाया तीनदा वाकल्या. सवयीने काही जण म्हणाले, "अडकली..." पण माझा हात कुठेही न थांबता वर गेला. तोंडातला शब्द तोंडातच राहिला. कोणी टाळी वाजवली नाही. राहीबाईंची हाक त्या शांततेत स्पष्ट ऐकू आली.

राजेंद्र पुढे आला. "श्रीपतकाका, तुम्हीच सांगा हिला. हात होता तसा करा. तीच तर मजा होती."

श्रीपतबाबा उठले. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझं कोपर चाचपलं. "राजू, तू लिफ्टची कामं करतोस ना? तू दुरुस्त केलेली लिफ्ट रोज दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि माणसं टाळ्या वाजवायला लागली, तर तुला कसं वाटेल?"

राजेंद्रने मुलीला खांद्यावरून खाली उतरवलं.

"ती माझी चूक होती रे. पंचवीस वर्षं तुम्ही ओरडायचात आणि मी मान खाली घालून उभा राहायचो. तुमची मजा मोडवेना, म्हणून तसाच ठेवला. या पोरीनं माझं राहिलेलं काम केलं." मग ते प्रियाकडे वळले. "परत लाव बाय. मला अजून एकदा बघू दे."

प्रियाने परत बटण दाबलं. श्रीपतबाबांनी खुर्चीत बसून सात वेळा बघितलं. दर वेळी माझा हात वर जाताना त्यांचा भाजलेला तळवाही नकळत मांडीवरून वर उचलला जात होता. राजेंद्र त्यांच्या पायाशी बसला. काही वेळाने त्याने प्रियाला विचारलं, "चकती कुठल्या धातूची गो?" माफी मागणं त्याला जमलं नाही, पण पुढचा अर्धा तास तो तिच्याबरोबर खाचराखाली वाकून वायरी बघत होता.

सगळ्यांना पटलं असं नाही. वरंधचे एक गृहस्थ अजून म्हणतात, जुनी ती जुनी. ग्रुपवरही अधूनमधून कोंबड्याची आठवण निघते. मला त्यांचा राग येत नाही. ज्यांनी मला जीव लावला, त्यांनाच माझ्यातला बदल खुपणार.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखं काही जुनं, कुरकुरणारं असेल. त्याला दुरुस्त करा, बदला, रंग द्या. आम्हाला ते हवं असतं. बदल आवडला नाही तर तसं जरूर म्हणा, पण राबणाऱ्याच्या मनाला लागेल असं नको. आणि पाना हातात घेण्याआधी, ज्यांनी आम्हाला घडवलं त्यांच्या दारात एकदा जाऊन या. ती माणसं बहुतेक घरीच असतात.